अक्कलकुव्याच्या बाजारात माझा बुचडा

माझ्या केसांबद्दल ज्याला काही मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. केस माझे, डोकं माझं, विंचरताना कळवळते मी. पण सल्ला द्यायला सगळा तापीकाठ मोकळा. केस गुडघ्यापर्यंत आहेत. दाट, जड आणि हट्टी. न्हायले की सुकायला अख्खी दुपार जाते आणि ओले बांधले तर डोक्यावर भिजलेली गोणी घेऊन हिंडल्यासारखं वाटतं. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे.

कौतुकाचं खातं माझ्या फुईकडे. फुई म्हणजे आत्या. आमच्या नंदुरबारकडे गुजरात जवळ, त्यामुळे नातीही थोडी तिकडच्या शब्दांत चालतात. मी रांगत होते तेव्हा आई गेली. फुई विधवा होऊन माहेरी आलेली होती. तिने मला वाढवलं आणि माझ्याहून जास्त मायेने माझे केस वाढवले. शिकेकाई ती स्वतः कुटायची, तेल ती स्वतः जिरवायची आणि पाहुण्या बायका आल्या की मला पाठमोरी उभी करायची. शेतकरी घरांत बैलजोडी दाखवतात तशी. मी चिडून म्हणायचे, "फुई, मला तोंड पण आहे." ती म्हणायची, "तेच तं नको दाखाडू."

तर या केसांनी माझी चळवळ कशी अडवली आणि कशी सोडवली, ती हकीकत सांगायची आहे. माता-भगिनींनो, असं सुरुवातीला लिहायचा मोह होतो आहे, कारण मी लिहायला शिकले ती पत्रकांतूनच. पण आवरते.

आमच्या मंडळाने नंदुरबारला परदेशी मालाची होळी केली. मी उत्साहात घरातली चार लुगडी टाकली आणि वर बांगडीवाल्याकडून घेतलेले तारेचे काळे आकडेही टाकले. केसांत खोचायचे ते आकडे परदेशी तारेचे, त्यांच्या पुडीवर गोऱ्या मडमेचं चित्र. मग ते कशाला ठेवायचे? टाळ्या पडल्या. लोखंड जळत नसतं हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांनी राख चाळून ते आकडे वेचून घरी नेले आणि वर मलाच सांगितलं की भट्टीतून निघाल्यामुळे आता ते जास्त चांगले बसतात. त्यांच्या बुचड्यांत माझा त्याग मिरवत होता आणि माझ्या बुचड्यात काही नव्हतं.

मी चरख्यावरच्या सुताची दोरी वळून केस बांधले. स्वदेशी, स्वहस्ते, सगळं पत्रकात बसणारं. त्याच दोरीवर मी नंदुरबारच्या प्रभातफेरीत गेले, हातात झेंडा. सराफ्याच्या वळणावर घोषणा दिली, मान मागे गेली आणि दोरी सुटली. झेंडा दोन्ही हातांत, त्यामुळे सावरायला हात नाही. केस पाठीवरून गुडघ्यापर्यंत उतरले.

आमच्याकडे बाईचे केस रस्त्यात सुटलेले दिसतात ते दोनच वेळी. घरात मयत झालं तर, नाहीतर अंगात आलं तर. एका ओट्यावर एक म्हातारी दात घासत बसली होती. तिने मला पाहिलं, चूळ टाकली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि घाबरत विचारलं, "कोनती माता उनी वं माय?"

मी म्हणाले, "भारतमाता."

तिने लगेच आत जाऊन नारळ आणला. फेरी पुढे निघून गेली आणि मी त्या ओट्यापाशी झेंडा, नारळ आणि केस असं तिन्ही सांभाळत उभी राहिले. आमच्या मंडळाच्या इतिहासात जनतेने दिलेला तो पहिला प्रतिसाद असावा. पण बातमी माझ्याआधी आमच्या तापीकाठच्या गावी पोचली, आणि फुई उंबऱ्यात बसून होती.

"बस आते," ती म्हणाली, म्हणजे आता पुरे. "केस रस्तामा सुटनात. आखो एक डाव सुटनात तं तुन्हं फिरनं बंद. मंग लगीनच."

फुई कधी ओरडत नाही. ओरडली असती तर मी भांडले असते. तिने नुसतं सांगितलं आणि चुलीकडे गेली. वडील तिच्या शब्दाबाहेर नाहीत आणि एका स्थळाकडून विचारणाही आलेली होती. त्या मंडळींनी केसांची कीर्ती ऐकली होती म्हणे. म्हणजे केस सुटले तर मी अडकणार, असा हिशोब.

आणि तो हिशोब नेमका तेव्हा उभा राहिला जेव्हा मला पहिलं भाषण मिळालं होतं. तोवर मी मंडळात काय करत होते? झेंडा धरत होते, सतरंज्या अंथरत होते, वक्त्यांना पाणी देत होते. स्त्री-पुरुष समतेवर आमच्या चिटणीसाने फार जळजळीत पत्रक लिहिलं होतं. त्याच्या घड्या आम्हा बायकांनी घातल्या. त्यावर मी सभेतच बोलले. "समता छापून झाली असेल तर आता थोडी वाटा," म्हणाले. चिटणीस धुळ्याच्या बाजूचा, शिकलेला, बारीक मिशीला पीळ देत बोलणारा. तो गडबडला आणि अक्कलकुव्याच्या बाजारातलं वेठीवरचं भाषण त्याने मला दिलं.

वेठ म्हणजे काय ते शहरी वाचकांसाठी सांगते. साहेब डोंगरात फिरतीवर निघाला की पायथ्याच्या आणि वरच्या गावांतल्या माणसांना धरून आणायचं आणि त्यांच्या डोक्यावर साहेबाच्या पेट्या, तंबू, कोंबड्यांच्या डालग्या द्यायच्या. मोबदला काही नाही. नाही म्हटलं तर मार. ही माणसं आठवड्याला अक्कलकुव्याच्या बाजाराला उतरतात, म्हणून तिथेच बोलायचं. माझ्या पोटात तेव्हा या विषयावरून जो जाळ होता तो अजून आहे. हे भाषण मला करायचंच होतं. मध्ये उभा होता फक्त बुचडा.

चिटणीस म्हणाला, "ताई, कापून टाका. नव्या काळच्या स्त्रीने केसांचं ओझं वाहावं कशाला?"

"तुमच्या मिशीचं ओझं कोण वाहतं?" मी विचारलं.

मिशीवरचा हात खाली आला आणि विषय बदलला. सांगायचा मुद्दा असा की झाकून ठेव म्हणणारे जितके, तितकेच कापून टाक म्हणणारे. माझ्या डोक्याला हात लावायची परवानगी दोघांनीही मागितली नव्हती.

मग मी स्वदेशी आकडा शोधायला लागले. तारेचा नाही, जाड, दोन दातांचा, एकच आकडा सगळा बुचडा पेलेल असा. असे आकडे जुन्या बायका वापरत असत असं फुईच म्हणायची. पहिला मी स्वतः केला, बांबूचा. कांब चिरली, मधून फट काढली, टोकं तासली. दिसायला झकास. पण बांबूला कुसळं असतात आणि केसांना ती आवडतात. आकडा आत गेला तो बाहेर येईना. फुईने तेल लावून केस एकेक करत सोडवले आणि आकडा चुलीत घातला.

दुसरा पितळेचा. तांबटाने कौतुकाने घासूनपुसून चकचकीत करून दिला. त्या चकचकीतपणातच घोटाळा होता. केस तेलकट, पितळ गुळगुळीत. आकडा चार पावलांत घसरायचा आणि मानेवर टोचत लोंबायचा. विहिरीवर वाकले तर पाण्यात पडायचा बेत. शिवाय वजन असं की संध्याकाळी मान दुखायची. आकडा चकचकीत घेऊ नये, हे ज्या कोणाला केस आहेत तिने लिहून ठेवावं.

तिसऱ्यासाठी आम्ही नंदुरबारला फणीवाल्या चाचांकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि फुई, कारण तिला आता माझा भरवसा नव्हता. चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फण्या होतात, शिंगाच्या आणि लाकडाच्या. दुकानात शिंग तापवल्याचा करपट वास. त्यांनी म्हशीच्या शिंगाचा एक काळाभोर आकडा काढून दिला. दोन बोटं रुंद फट, दात थोडे वळणदार, टोकं बोथट. हातात धरून दात दाबले तर लवायचे आणि सोडले की परत जागेवर. मला तो बघताक्षणी पटला.

फुईने लुगड्याचा पदर नाकाला लावला. "मरेल ढोरनं शिंग? मन्ही पोरना डोकावर?"

"बहन, फणी भी तो शिंग की होती है," चाचा म्हणाले.

"आमनी फनी लाकडानी शे."

मी चवताळले. म्हटलं, "फुई, देवळात ढोल वाजतो तो कशाचा? चामड्याचा. मग शिंगाने काय घोडं मारलंय?"

"ढोल तू डोकावर बांधी फिरस का?" फुई म्हणाली.

चाचा हसू दाबत होते. मी त्यांच्याकडे आशेने पाहिलं, पण ते दुकानदार होते आणि गिऱ्हाईक फुई होती. त्यांनी शिसवाचा तुकडा उचलला. "लकडी का बना देता हूँ. शीशम है, लोहा समझो."

त्यांनी माझा बुचडा बघून माप घेतलं. हे मला आवडलं. दात बुचड्याच्या रुंदीइतके हवेत. आखूड असले तर पलीकडे पोचत नाहीत आणि लांब असले तर कानामागून बाहेर डोकावतात, बैलासारखे. आकडा तयार झाल्यावर तो बसवायचा कसा तेही दुकानातच फुईने मला शिकवलं, फक्त चाचांना पाठ करून बसायला लावून. केस पिळायचे, पीळ स्वतःभोवतीच गुंडाळायचा. आकडा आधी उलटा धरायचा, टोकं बाहेर. गुंडाळीच्या कडेचा थोडाच पदर दातांवर घ्यायचा, मग आकडा उलटवून टोकं डोक्याकडे करायची, डोक्यालगतचे थोडे केस उचलायचे आणि आत सारायचा. बाहेरचे केस एकीकडे ओढतात, आतले दुसरीकडे आणि त्या भांडणात आकडा घट्ट बसतो. नुसता खुपसला तर नुसताच पडतो. एवढी सोपी गोष्ट मला आयुष्यात कोणी सांगितली नव्हती, कारण फुईनेच आजवर सगळं केलं होतं.

मग घरी परीक्षा. फुईने मला दळायला बसवलं, पाणी शेंदायला लावलं, वासरामागे पळवलं. आकडा हलला नाही. शेवटी म्हणाली, "आते ते तुन्हं ओरडनं ओरड."

मी गोठ्यात उभी राहून घोषणा दिल्या. म्हशीने मान वर केली. आकडा जागेवर. फुई म्हणाली, "जा मंग. पन मी संगे येसू."

आम्ही बैलगाडीने निघालो, तळोद्याला मुक्काम केला आणि बाजाराच्या दिवशी अक्कलकुव्याला पोचलो. डोंगरातली माणसं मोह, चारोळी, डिंक, मध घेऊन उतरली होती आणि मिठाच्या दुकानापुढे रांग होती. आमच्या सोडलेल्या गाडीचंच व्यासपीठ झालं. चिटणीस आधी बोलला आणि खूप बोलला. बाजार आपल्या कामात होता. कोणी बकरीचे दात बघत होतं, कोणी लुगड्याचा काठ.

मग मी गाडीवर चढले. पाठ केलेलं सुरू केलं: "पददलित बांधवहो, शतकानुशतकांच्या शृंखला..." एका माणसाने मान वळवली, मी त्याला बोलावते आहे असं वाटून, आणि तसं नाही हे कळल्यावर परत मिठाकडे वळला. त्यांच्या घरी भिली बोलतात, पावरी बोलतात. शृंखला त्यांनी कधी पाहिली नव्हती, साहेबाची पेटी मात्र रोजची होती. मला स्वतःचाच राग आला. पत्रक सोडून दिलं आणि बाजारात बोलतात तसं मोडकंतोडकं ओरडले: "साहेबनी पेटी कोन उचलस? पैसा कोन देस?"

मिठाची रांग थांबली. डोकी वळली. पुढे सरकली माणसं. मी आणखी जोरात म्हटलं, "कोनी दिधा का पैसा?" आणि मान झटकली.

मानेमागे टच्‌ असा आवाज झाला. आकड्याचा एक दात मुळातून गेला होता. बुचडा एका बाजूला कलला आणि पीळ सैल पडत चालल्याचं मला नीट जाणवत होतं, बादलीची दोरी हातातून सरकते तसं. हात वर करून बुचडा धरला असता तर भाषण तिथेच संपलं असतं. नाही धरला तर हे सगळे आत्ता जे ऐकत आहेत ते ऐकायचं सोडून हात जोडतील, नारळ आणतील. माझ्या अंगात आलंय म्हटल्यावर मी काय बोलले याला कोण विचारतो? आणि खाली फुई उभी. तिचा शब्द तर ठरलेलाच. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. भाषणातलं पुढचं वाक्य गेलं, मागचंही गेलं.

गाडी हलली. मी खाली पाहिलं. फुई चाकावर पाय देऊन वर येत होती. जी बाई परक्या पुरुषासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते, भाऊबंदांत बसून कधी दोन शब्द बोलली नाही, ती भर बाजारात गाडीवर चढली, माझ्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिने माझा बुचडा धरला. पदर सावरायला हात उरला नाही. तो खांद्यावर आला, तर येऊ दिला.

"तू बोल," ती कानाशी म्हणाली. "मी धरेल शे."

मी बोलू लागले. पण आता सगळा बाजार आमच्याकडे बघत होता आणि त्यात नवल काय? एक बाई ओरडते आहे आणि दुसरी तिच्या मागे उभी राहून तिचं डोकं धरते आहे. पुढे एक म्हातारा उभा होता, खांद्यावर कुऱ्हाड. त्याने मोडक्या मराठीत विचारलं, "तू सांगते वेठ नाय करायची. मग ही बाई तुझी काय करते? हिला किती देते तू?"

हशा उठला. चिटणीसही हसला, ते मी लक्षात ठेवलं आहे. मला राग आला, पण म्हाताऱ्याचा नाही. माणूस बरोबर विचारत होता. लहानपणापासून हिने माझे केस धुतले, विंचरले, बांधले. मी कधी काय दिलं?

उत्तर फुईने दिलं. आयुष्यातलं तिचं पहिलं भाषण, माझ्या डोक्यावरून.

"मन्ही पोर शे, बाप," ती म्हणाली. "मन्ही मर्जीखाल धरेल शे. नको वाटनं तं सोडी दिसू. तू सायेबनी पेटी सोडी देशील का?"

मग म्हातारा मोठ्याने हसला, आणि नुसता हसून थांबला नाही. तो वळून आपल्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगू लागला. मला सगळं कळलं नाही, पण हातवारे कळले: साहेब घोड्यावर, साहेबाची खुर्ची याच्या डोक्यावर, आणि घाट चढून गेल्यावर साहेब त्याच खुर्चीवर बसून याला दमला का विचारतो. आणखी दोघं बोलले. एकाने डालगीतल्या कोंबड्यांचं सांगितलं, त्या वरून काय करतात तेही. मी फक्त मध्येमध्ये "पैसा मिळाला?" एवढं विचारत राहिले आणि दरवेळी सगळे मिळून नाही म्हणत राहिले. मला वाटतं तीच माझी आजवरची सगळ्यात चांगली सभा. चिटणीसाने तिचं पत्रक काढलं त्यात बुचड्याचा उल्लेख नाही.

सभा रंगत गेली तशी फुई मागून मला चिमटे काढू लागली. "आवर आते. हात दुखी ऱ्हायनात."

परतताना गाडीत मी फुईसमोर बसले. तिच्या निकालाची वाट बघत होते. तिने मोडका आकडा मांडीवर घेतला होता आणि उरलेल्या दाताला अंगठ्याने चाचपत होती. शेवटी मीच विचारलं, "फुई, केस सुटले म्हणायचे का?"

"सुटनात कोठे?" ती म्हणाली. "मन्हा हातमा व्हतात."

नंदुरबारला गाडी तिने सरळ फणीवाल्या चाचांच्या दारात थांबवली. आकड्याचे दोन तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले. "हाऊ लोहा शे का, भाई?"

चाचांनी तुकडे उलटेपालटे केले. "बहन, मैंने बालों के लिए बनाया था. भाषण के लिए नहीं."

"मंग भाषणना दे."

त्यांनी शिंगाचा तो काळा आकडा काढला. फुईने तो दाबून पाहिला, वाकवून पाहिला, पदरात बांधला. मग म्हणाली, आखो एक. मी विचारलं, दुसरा कशाला? "एक तुटना तं?" ती म्हणाली. मला पटलं. गावी परतताना तापीवर उतरून तिने दोन्ही पाण्यात बुडवले, सूर्याला दाखवले, आणि मरेल ढोराचा विषय तिथेच नदीला सोडला.

माझा आकडा अजून शाबूत आहे. आणि दुसरा काही पहिला तुटायची वाट बघत पडून नाही. तो फुईच्या बुचड्यात आहे. गावातल्या कोणी तरी नाक मुरडलं, विधवा बाईला हे कशाला म्हणून; तिने सांगितलं, "नटनं नही, काम शे. सभामा जानं पडस." तेव्हापासून ती प्रत्येक सभेला येते. पुढे बसत नाही, गाडीच्या मागे, चाकाला टेकून बसते, म्हणजे माझी मान दिसते. मी काय बोलते ते ती ऐकत नाही असा माझा संशय आहे. भाषण संपवून खाली उतरले की ती आधी मानेमागे हात घालून आकडा चाचपते, आणि मग विचारते, "आज काय सांगं तू?"